प्रवासांतील पाटी : स्वस्त टॅबलेट कसा निवडावा?

प्रवासास निघतांना काय बरोबर घ्यावें आणि काय घरीं ठेवावें, हा प्रश्न आपल्या आजोबांच्या काळींही होताच. तेव्हां वळकटी, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा आणि फार झालें तर एकादें पुस्तक एवढ्यांत तो सुटत असे. आतां त्या यादींत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. तिचें नांव टॅबलेट. या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ लिहावयाची पाटी असाच आहे. आणि पाहूं गेलें तर ही वस्तु म्हणजे कांचेची एक पाटीच होय. इ. स. २०१० सालीं ॲपल कंपनीनें आयपॅड बाजारांत आणिला, तेव्हांपासून ही पाटी घरोघर जाऊं लागली. पुस्तक, नकाशा, वर्तमानपत्र, चित्रपट, तिकीट, वही इतकें सर्व तिच्यांत मावतें. सुटींत गांवीं जातांना किंवा परीक्षेसाठीं परगांवीं निघतांना "आम्हांस टॅबलेट घेऊन द्या" असा हट्ट पुष्कळ घरांत ऐकूं येतो, आणि पालकांपुढें प्रश्न उभा राहतो तो पैशांचा. म्हणून थोडक्या पैशांत प्रवासास योग्य असा टॅबलेट कसा निवडावा, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमची भाची एका प्रवेशपरीक्षेसाठीं कुडाळहून मुंबईस यावयाची होती. वाटेंत तिला अभ्यास करतां यावा म्हणून आम्हीं एका दुकानांतून, नांव कधीं न ऐकलेल्या कंपनीचा टॅबलेट चार हजार रुपयांस घेऊन तिला पाठविला. खोक्यावर मोठमोठे आंकडे छापलेले होते आणि किंमत कमी होती. एवढें पाहून आम्ही भुललों. तिचीं टिपणें आणि पाठ इंटरनेटवर ठेवलेले होते. गाडीनें रत्नागिरी सोडली आणि थोड्याच वेळांत ती करबुड्याच्या बोगद्यांत शिरली. हा बोगदा सुमारें साडेसहा किलोमीटर लांब आहे. रोहें ते ठोकूर या ७४१ किलोमीटरांच्या कोकण रेल्वेवर असे लहानमोठे नव्वद बोगदे तरी आहेत. त्यांच्या पोटांत आणि भोंवतालच्या डोंगरकपारींत फोनचें नेटवर्क मिळेलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. पान उघडावें, अर्धें दिसावें आणि तेथेंच थांबावें, असा प्रकार सुरू झाला. पुढें खेड येण्यापूर्वींच बॅटरी संपली. डब्यांतील चार्जिंगच्या जागेभोंवतीं अगोदरच गर्दी होती. शेवटीं आईनें आग्रहानें पिशवींत घातलेली हातानें लिहिलेली वही काढून तिनें वाचली. पण जे दोन विषय केवळ टॅबलेटवर होते ते तसेच राहिले. तिनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. म्हणूनच ती गोष्ट आमच्या मनास अधिक लागली.

त्या दिवशीं आम्हांस कळून आलें कीं, कमी किंमत आणि स्वस्ताई या दोन गोष्टी एक नव्हेत. या अनुभवास सार्वजनिक उदाहरणाचाही आधार आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं भारत सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं 'आकाश' नांवाचा टॅबलेट दिल्ली येथें लोकांपुढें ठेविला. सरकारास तो नगास सुमारें सव्वादोन हजार रुपयांस पडत होता. हेतु स्तुत्य होता. परंतु किंमत खालीं आणण्यासाठीं त्यांत केवळ २५६ मेगाबाइट रॅम आणि रेझिस्टिव्ह प्रकारचा पडदा घातलेला होता. अशा पडद्यांत दोन पातळ थर किंचित् अंतरावर असतात, आणि बोटानें दाबून ते एकमेकांस टेकले म्हणजेच खूण उमटते. उलट कपॅसिटिव्ह पडद्यास बोटाच्या स्पर्शानें होणारा विद्युत्-भारांतील फरकच कळतो, म्हणून तेथें नुसता स्पर्श पुरतो. मंदपणाविषयीं व पडद्याविषयीं तक्रारी झाल्या, आणि २०१२ च्या पुढील आवृत्तींत रॅम दुप्पट करून कपॅसिटिव्ह पडदा बसवावा लागला. आतां रेझिस्टिव्ह पडद्याचे टॅबलेट बाजारांत सहसा दिसत नाहींत. पण त्या प्रयोगाचा बोध जुना झालेला नाहीं. किंमत एका मर्यादेखालीं नेली म्हणजे वस्तूचें नांव तेंच राहतें, परंतु काम तें राहत नाहीं.

तर मग निवड कशी करावी? दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एका कागदावर लिहावें कीं, प्रवासांत आपण टॅबलेटवर नक्की काय करणार? केवळ वाचन, कीं लेखनही? एक दिवसाचा प्रवास, कीं आठ दिवसांचा? हा कागद हातीं असला म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यानें मन डळमळत नाहीं.

पहिला विचार आकाराचा. पडद्याचें माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपें, इंचांत मोजतात. एकाच कंपनीचीं दोन उदाहरणें घेऊं. सॅमसंगचा २०२३ सालीं आलेला गॅलक्सी टॅब ए-९ हा ८.७ इंची असून त्याचें वजन ३३२ ग्रॅम आहे; त्याचाच मोठा भाऊ ए-९ प्लस हा ११ इंची असून ४८० ग्रॅम भरतो. हा दीडशें ग्रॅमांचा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण गर्दीच्या डब्यांत उभ्याउभ्या एका हातांत पाटी धरून पाहावी, म्हणजे त्याचें महत्त्व कळतें. गोष्टीचें पुस्तक वाचावयाचें तर लहान पाटी पुरते, कारण त्यांतील अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें आणि ओळी आपोआप जुळतात. परंतु बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पीडीएफ रूपांत मिळतात. त्यांचें पान छापल्याप्रमाणेंच जसेंच्या तसें दिसतें. लहान पडद्यावर तें पान बारीक होऊन वारंवार मोठें करावें व सरकवावें लागतें. म्हणून ज्यास मुख्यतः पाठ्यपुस्तकें वाचावयाचीं आहेत त्यानें दहा-अकरा इंचांचा पडदा घेणें बरें.

दुसरा विचार बॅटरीचा. येथें थोडें गणित केलें पाहिजे, आणि तें आमच्या विद्यार्थिमित्रांस कठीण नाहीं. खोक्यावर बॅटरीचें माप मिलिअँपिअर-तासांत दिलेलें असतें. त्यास बॅटरीच्या व्होल्टनें गुणून हजारानें भागिलें म्हणजे वॅट-तास मिळतात. वर सांगितलेल्या ११ इंची टॅबलेटची बॅटरी ७,०४० मिलिअँपिअर-तासांची आहे; ३.७ व्होल्ट धरून तिच्यांत सुमारें २६ वॅट-तास वीज मावते. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेंत त्याच हिशेबानें ३७ वॅट-तास मावतात. परंतु एका बॅटरींतून दुसरींत वीज नेतांना कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें वाया जातो. ३७ पैकीं साधारणतः दोन-तृतीयांश, म्हणजे पंचवीसच्या आसपास, आपल्या हातीं लागतात. तेव्हां ही पॉवर बँक तो टॅबलेट जेमतेम एकदां भरील, दोनदां नव्हे. विमानानें जावयाचें असेल तर पॉवर बँक सामानाच्या पेटींत न घालतां जवळच्या पिशवींत ठेवावी लागते, आणि १०० वॅट-तासांपर्यंतच्या बँकेस सामान्यतः वेगळी परवानगी लागत नाहीं. आगगाडींतील चार्जिंगवर सर्वस्वी विसंबूं नये. पुष्कळ डब्यांत ही वीज घरच्या २३० व्होल्टांऐवजीं ११० व्होल्टांची असते. म्हणून आपल्या चार्जरवर "१००-२४०" असा आंकडा आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावें. शिवाय टॅबलेटची खोबणी यूएसबी-सी प्रकारची असावी, म्हणजे घरांतील नव्या फोनचा चार्जर त्यास चालतो आणि सामान कमी होतें. युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांस व टॅबलेटांस हीच खोबणी सक्तीची केली आहे.

तिसरा विचार साठवणीच्या जागेचा आणि रॅमचा. या दोहोंत पुष्कळांचा घोटाळा होतो. साठवणीची जागा म्हणजे घरांतील कपाट, आणि रॅम म्हणजे आपण बसतों तें टेबल. कपाटांत शेंकडों पुस्तकें राहतील. पण एका वेळीं टेबलावर मावतील तेवढींच उघडतां येतील. ४ गिगाबाइट रॅमपेक्षां कमी घेऊं नये. खोक्यावर "१२ गिगाबाइट" असें मोठ्या अक्षरांत आणि खालीं "४ + ८" असें बारीक अक्षरांत छापलेलें आढळल्यास समजावें कीं, टेबल चारचेंच आहे. आठ हा कपाटांतला कोपरा टेबल म्हणून दाखविला आहे. आम्ही फसलों ते याच ठिकाणीं. साठवणीसाठीं ६४ गिगाबाइट लिहिलेलें असलें तरी त्यांतील बराचसा भाग यंत्राची स्वतःची व्यवस्थाच व्यापते. साध्या प्रतीच्या चित्रपटास तासाला अर्धा ते एक गिगाबाइट लागतो, हें ध्यानांत घेऊन हिशेब करावा. ज्या टॅबलेटांत मायक्रो-एसडी कार्ड बसतें त्यांत ही जागा पुढें थोडक्या पैशांत वाढवितां येते. आयपॅडमध्यें ती सोय नाहीं.

चौथा विचार सिम कार्डाचा. सिम घालतां येणारा टॅबलेट अधिक महाग पडतो आणि त्यावर रिचार्जचा खर्चही चालू राहतो. घरच्या मंडळींपैकीं कोणाचा फोन बरोबर असेल तर त्याच्या हॉटस्पॉटवर काम भागतें. म्हणून सामान्य कुटुंबानें केवळ वाय-फायचा टॅबलेट घेणें योग्य. एक गोष्ट मात्र पारखून घ्यावी. उपग्रहांवरून ठिकाण कळविणाऱ्या जीपीएसला इंटरनेट लागत नाहीं. त्यामुळें नकाशा आधींच उतरवून ठेविला तर अनोळखी घाटांतही वाट सांपडते. परंतु केवळ वाय-फायच्या आयपॅडमध्यें जीपीएस नसतें, आणि कांहीं स्वस्त टॅबलेटांतही तें गाळलेलें असतें.

पांचवा विचार विश्वासाचा, आणि आमच्या मतें हाच सर्वांत मोठा. भारतांत विकावयाच्या टॅबलेटांस भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी करावी लागते. वस्तूवर ब्यूरोचें चिन्ह आणि 'आर' अक्षरानें सुरू होणारा क्रमांक असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो क्रमांक घालून खरेंखोटें पाहतां येतें. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षें मिळणार, हेंही विक्रेत्यास विचारावें. त्या बंद झाल्यावर यंत्र चालतें खरें, पण त्यावर पैशांचे व्यवहार करणें धोक्याचें होतें. वापरलेला टॅबलेट घेण्यांत कमीपणा नाहीं. चांगल्या कंपनीचा दोन वर्षांचा जुना टॅबलेट कित्येकदां अनोळखी नव्यापेक्षां बरा ठरतो. मात्र विकणाऱ्यानें आपलें खातें त्यांतून काढून टाकिलें आहे, हें त्याच्या समक्ष पाहावें. नाहीं तर घरीं येऊन पाटी उघडणारच नाहीं.

आतां किंमतीचा हिशेब. चार हजारांचा टॅबलेट एक वर्षांत निकामी झाला तर त्याचा खर्च वर्षास चार हजार. चौदा हजारांचा चार वर्षें टिकला तर वर्षास साडेतीन हजार. महाग कोणता आणि स्वस्त कोणता, तें वाचकांनींच ठरवावें. याचा अर्थ अधिक किंमतीचें तें अधिक चांगलें, असा मात्र नव्हे. २०२५ सालीं आलेल्या साध्या आयपॅडची भारतांतील आरंभींची किंमत ३४,९०० रुपये होती. यंत्र उत्तम आहे. परंतु ज्यास वर्षांतून दोनदां गांवीं जातांना पुस्तकें वाचावयाचीं आहेत, त्याच्या पालकांनीं त्यासाठीं कर्जाचे हप्ते बांधून घ्यावे, असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथेंही खरी आहे.

शेवटीं एक युक्ति सांगून लेख पुरा करतों. तिला कांहीं खर्च नाहीं. प्रवासाच्या आदल्या रात्रीं सर्व पुस्तकें, पाठ, नकाशे आणि तिकीट टॅबलेटमध्यें उतरवून घ्यावें. मग त्याचा एअरप्लेन मोड चालू करावा, म्हणजे बाहेरचा सर्व संबंध तुटतो. आतां एकेक वस्तु उघडून पाहावी. जी उघडेल ती बोगद्यांतही उघडेल. जी उघडणार नाहीं तिची व्यवस्था करावयास अजून रात्र हातीं आहे. आमची भाची आतां प्रत्येक प्रवासापूर्वीं ही परीक्षा घेते, आणि प्रवेशपत्राची छापील प्रत व ती जुनी वही तरीही पिशवींत ठेवते. विद्यार्थिमित्रहो, पाटी कांचेची असो वा दगडाची, ती आपणांस अभ्यासाच्या दारापर्यंत नेऊन सोडते. आंत पाऊल आपलें आपणांसच टाकावें लागतें. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, खोक्यावरील आंकड्यांपेक्षां मुलानें लिहिलेला तो कामांचा कागद आधीं वाचावा. त्यावर जेवढें लिहिलें असेल तेवढेंच विकत आणावें.