गोड मक्याचे कणीस : निवडण्यापासून शिजवण्यापर्यंत



नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा या भागांत भिल्ल व पावरा कुटुंबांच्या ताटात मका म्हणजे रोजची भाकरी. तो देशी मका. आपण बाजारातून आणतो ते स्वीट कॉर्न, म्हणजे गोड मका, त्याहून वेगळा. देशी मका विकला गेला नाही तर वाळवून दळता येतो. गोड मक्यात पिठाचा अंश कमी असतो. वाळला की त्याचा दाणा सुरकुततो आणि भाकरीच्या उपयोगी राहत नाही. त्यामुळे पिकवणाऱ्याला तो ताजाच विकावा लागतो, आणि आपणही तो ताजाच खावा. कणीस तोडल्यापासून दाण्यांतील साखर कमी होत जाते व तिचे पिष्ट बनू लागते. उन्हात हे अधिक वेगाने घडते.

निवड : पाने हिरवी व घट्ट, केस तपकिरी पण किंचित ओलसर, देठ ताजा असावा. कणीस सोलून पाहू नये. पानांवरूनच अंगठ्याने चाचपावे. दाणे टोकापर्यंत भरलेले असल्यास लगेच कळते. सोलून बाजूला टाकलेले कणीस दुसरे गिऱ्हाईक घेत नाही, संध्याकाळपर्यंत ते सुकते आणि नुकसान विकणाऱ्या बहिणीचे होते.

साठवण : शक्यतो त्याच दिवशी शिजवावे. ठेवायचेच असेल तर न सोलता, ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवावे.

साफ करणे : पाने काढून ओल्या फडक्याने कणीस पुसले की चिकटलेले केस निघतात. प्रत्येक दाण्याला एक केस जोडलेला असतो, म्हणून ते ओळींच्या फटीत अडकतात.

दाणे काढणे : कणीस परातीत उभे धरून सुरीने वरून खाली दाणे कापावेत. सुरी फार खोल घालू नये, नाहीतर बुरकुंडाचा कडक भाग दाण्यांबरोबर येतो. मग सुरीच्या पाठीने बुरकुंड खरवडावे. निघणारा दुधाळ रस सूप किंवा भाजीला दाटपणा देतो. मक्याचा कीस करायचा असेल तर अख्खे कणीस सरळ किसणीवर किसावे.

शिजवणे : उकळत्या पाण्यात अख्खे कणीस चार-पाच मिनिटे, सुटे दाणे दोन-तीन मिनिटे पुरतात. जास्त उकळल्यास दाणे कडक होतात. देशी कणसाला मात्र बराच जास्त वेळ लागतो. उसळ, उपमा, थालीपीठ यांत दाणे शेवटी घालावेत.

टिकवणे : दाणे दोन मिनिटे उकळून लगेच गार पाण्यात टाकावेत, फडक्यावर कोरडे करावेत आणि पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवावेत. काही महिने सहज टिकतात.

उरलेली बुरकुंडे पाण्यात वीस मिनिटे उकळून ते पाणी सूपसाठी वापरावे. हिरवी पाने शेळ्या-गाई आवडीने खातात.

पुढच्या वेळी बाजारात कणसांच्या ढिगासमोर उभे राहाल तेव्हा एवढे करा : हाताने चाचपा, न सोलता घ्या आणि त्याच दिवशी चुलीवर ठेवा. आपल्याला गोडवा मिळेल, आणि पिकवणारीची टोपली संध्याकाळी रिकामी होऊन घरी जाईल.