पुस्तकपेटी दिली, पुढे काय?



१५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, आपल्या राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरी होते. शाळाशाळांत त्या दिवशी मुले पुस्तके हाती घेतात. अनेक मंडळ्याही या निमित्ताने शाळांना पुस्तके भेट देतात. पण वाचनाची सवय एका दिवसात लागत नाही. पेटी पोहोचल्यावर काय व्हायला हवे, हे आपण देणाऱ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

प्रश्न किती मोठा आहे?

‘असर २०२४’ या पाहणीनुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४५ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ज्याला वाचता येत नाही, तो गणितात आणि विज्ञानातही मागे पडतो, कारण तिथेही आधी प्रश्न वाचावाच लागतो. अशी मुले हळूहळू शाळेपासून तुटतात.

घरची बोली, पुस्तकाची भाषा

लाखांदूरचा परिसर झाडीपट्टीचा. इथे घरात झाडीबोली बोलली जाते, काही गोंड कुटुंबांत गोंडी. पाठ्यपुस्तकाची मराठी मुलाला शाळेतच प्रथम भेटते. झाडीबोलीत ‘ण’ नाही, म्हणून मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते. त्याला अर्थ कळला आहे, म्हणजे ते वाचते आहे. दर शब्दाला अडवले, हसले, तर ते मोठ्याने वाचणेच सोडून देईल. उच्चार पुढे सावकाश सुधारता येतो.

चांगल्या उपक्रमात काय असते?

*रोजचा ठरलेला वेळ.* महिन्यातून एकदा दोन तास वाचण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी. त्या वेळी गुरुजींनी आणि बाईंनीही पुस्तक वाचावे. मुले पाहून शिकतात.

*उघडे कपाट.* पुस्तके फाटतील म्हणून कुलपात ठेवली, तर ती वाळवीच्याच उपयोगी पडतात. भिंतीला दोरी बांधून त्यावर पुस्तके अडकवली, तरी मुलांचे हात पोहोचतात.

*झेपेल असे पुस्तक.* पहिल्या पायरीच्या पुस्तकात पानभर चित्र आणि एखादेच वाक्य असते. सहावीतल्या मुलाला अजून अक्षरे जोडावी लागत असतील, तर त्यालाही तिथूनच सुरुवात करू द्यावी.

*मोठ्याने वाचून दाखवणे.* गोष्ट कानावर पडली की पुस्तकी भाषा ओळखीची होते. मुलांनी ती गोष्ट आपल्या बोलीत परत सांगावी.

बक्षिसाबद्दल सावधगिरी

‘जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस’ ही स्पर्धा आपल्याला आवडते. पण १९७३ साली अमेरिकेत चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग झाला. प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधीच सांगितले होते, ती मुले नंतर आपणहून कमी वेळ चित्रे काढू लागली. वाचनातही आकड्यासाठी पाने उलटली जाण्याचा धोका आहे. त्यापेक्षा ‘यातले तुला काय आवडले?’ असे विचारणे मुलाला पुढच्या पुस्तकाकडे नेते.

आपण काय करू शकतो?

घरातली जुनी पाठ्यपुस्तके किंवा मोठ्यांचे ग्रंथ पाठवू नयेत. आधी शाळेला विचारावे, कोणत्या पायरीची पुस्तके हवीत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पायऱ्यांत मोफत मिळतात. तिथे गोंडी गोष्टीही आहेत. त्या छापून, शिवून शाळेला देता येतात. आजीआजोबांनी आठवड्यातून एकदा शाळेत जाऊन गोष्ट वाचून दाखवली, तर तेही मोठे दान आहे. रोवणीच्या दिवसांत आईवडील पहाटेच बांधीवर जातात आणि थकून परततात. त्या घरातल्या मुलाला गोष्ट वाचून दाखवणारे दुसरे कोणी असेलच असे नाही.

पुस्तके दिल्यावर वर्षभराने पुन्हा त्या शाळेत जावे. ती मळलेली, कोपरे दुमडलेली दिसली, तर आपली देणगी कारणी लागली असे समजावे.