मिठाच्या खड्यात रेणू नसतो

सोडिअमच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरिनच्या कवचात सात. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिन तो घेतो, दोघांचे अष्टक पूर्ण होते आणि मीठ तयार होते. फळ्यावर दोन मिनिटांत काढून होणारे हे चित्र परीक्षेपुरते चालते. ऊर्जेचा हिशेब मांडला की ते अपुरे पडते.

वायुरूपातील एक मोल सोडिअम अणूंपासून एकेक इलेक्ट्रॉन सोडवून घेण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे सोडिअम तो खुशीने देत नाही! क्लोरिनने तो स्वीकारल्यावर ३४९ किलोज्यूल परत मिळतात. दोन्ही अष्टके पूर्ण झाली, पण व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यातच राहिला. मग मीठ बनते कसे?

भरपाई करते ते धन व ऋण आयनांमधील आकर्षण. एक जोडी जवळ आली तरी तोटा भरून निघतो, पण गोष्ट तेथे थांबत नाही. विद्युत आकर्षणाला ठरावीक दिशा नसते, म्हणून प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन जमतात. सुट्या आयनांपासून असा स्फटिक बनताना मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. (सोडिअम धातूचे अणू सुटे करण्याचा आणि क्लोरिनचे रेणू फोडण्याचा खर्चही यातूनच भागतो.) मीठ वितळवण्यास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते ते याचमुळे.

आता या सहांपैकी सोडिअमचा 'आपला' क्लोरिन कोणता? कोणताच नाही. मिठाचे सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगते. ही रचना १९१३ साली लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवली. विद्यार्थ्याने स्वतः शोधून शिकावे असा आग्रह धरणारे रसायनज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांना ती अजिबात पटली नाही. बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीवर त्यांनी १९२७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून कडाडून टीका केली. तेव्हा आपल्या वर्गात कोणी 'मिठाचा रेणू' म्हणाले तर रागावू नये.

हाच क्लोरिन हायड्रोजनशी मात्र वेगळा वागतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढण्यास मोलमागे १३१२ किलोज्यूल लागतात. शिवाय तो गेल्यावर उरतो नुसता प्रोटॉन. इतक्या लहान जागेत एकवटलेला धनभार क्लोरिनच्या इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे खेचल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांत सामाईक राहते, क्लोरिनकडे थोडी झुकलेली. हा सहसंयुज बंध ठरावीक दोन अणूंमधलाच असतो. येथे 'रेणू' हा शब्द खरा आहे. अशा दोन रेणूंमधील आकर्षण क्षीण असल्याने हायड्रोजन क्लोराइड उणे ८५ अंशांलाच उकळतो. (सहसंयुज पदार्थ म्हणजे वायू किंवा मऊ, असे मात्र नाही. हिऱ्यातील सगळे बंध सहसंयुजच असतात.)

हा वायू पाण्यात शिरला की हिशेब पुन्हा बदलतो. प्रोटॉन पाण्याच्या रेणूला जोडला जातो, आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात आणि त्यातून मिळणारी ऊर्जा बंध तोडण्याचा खर्च भागवते. कोरड्या निळ्या लिटमस कागदावर कोरड्या हायड्रोजन क्लोराइडचा परिणाम होत नाही. कागद ओला करून धरला की तो लगेच लाल होतो.