राजीनाम्याने हिशेब पूर्ण होत नाही
लेखमाला : सार्वजनिक विद्यापीठे आणि समता – लेखांक ६

सार्वजनिक विद्यापीठाचा पैसा कुठून येतो आणि त्यावर कोणाचा अधिकार चालतो, हे मागील लेखांकात आपण पाहिले. या वेळचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सर्वांच्या करातून चालणाऱ्या विद्यापीठात एका वंशाच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे परकेपणा सोसावा लागत असेल, तर त्याचा जाब कोणी द्यायचा आणि कोणाला? अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात ९ नोव्हेंबर २०१५ रोजी या प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. विद्यापीठसमूहाचे अध्यक्ष टिम वुल्फ यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी कोलंबिया शहरातील मुख्य आवाराचे प्रमुख आर. बोवेन लॉफ्टिन यांनीही आपण पदावरून दूर होत असल्याचे जाहीर केले. विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचा हा मोठा विजय होता आणि त्यांचे धैर्य कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण नेतृत्वाला जबाबदार धरणे म्हणजे नेत्याला घालवणे, असा अर्थ त्यातून घेतला गेला आणि तो अपुरा आहे. राजीनाम्यावाचून मार्ग उरत नाही, त्या दिवसाच्या कितीतरी आधी जबाबदारीची व्यवस्था मोडून पडलेली असते.

मिसुरीतला घटनाक्रमच हे सांगतो. सप्टेंबर २०१५ मध्ये विद्यार्थी संघटनेच्या कृष्णवर्णीय अध्यक्षाने आपल्याला वंशावरून दिलेल्या शिव्यांविषयी जाहीरपणे लिहिले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एका गटाला आवारातच तसा अनुभव आला. १० ऑक्टोबरच्या वार्षिक मिरवणुकीत विद्यार्थ्यांनी वुल्फ यांची गाडी अडवली, तेव्हा ते खाली उतरून त्यांच्याशी बोललेही नाहीत. २ नोव्हेंबरला जोनाथन बटलर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने उपोषण सुरू केले. ७ नोव्हेंबरला विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी, वुल्फ जाईपर्यंत मैदानात उतरणार नाही, असे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक गॅरी पिंकेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरपाई द्यावी लागणार होती. खेळाडूंच्या घोषणेनंतर दोनच दिवसांत राजीनामा आला. तक्रारी, निदर्शने आणि उपोषण यांनी जे हलले नाही, ते फुटबॉल थांबण्याची वेळ येताच हलले. पण ज्या विद्यापीठात असा श्रीमंत संघ नाही किंवा ज्या विद्यार्थ्याच्या मागे खेळाडू उभे नाहीत, त्याने काय करायचे? एखाद्याने उपाशी राहिल्यावरच दखल घेतली जाते, तिथे उत्तरदायित्व आहे असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाचे वय लक्षात घेतले तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय तरुणाला मिसुरीच्या विधी महाविद्यालयाने वंशामुळे प्रवेश नाकारला. १९३८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तरी राज्याने आपल्या विद्यापीठाचे दार उघडण्याऐवजी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय काढले. गेन्स १९३९ मध्ये बेपत्ता झाला आणि पुन्हा कधीच सापडला नाही. मिसुरी विद्यापीठात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो १९५० मध्ये. २०१५ च्या आंदोलकांनी आपल्या गटाच्या नावात हेच साल घेतले होते. त्यांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने १९६९ मध्ये मांडलेल्या मागण्या आता तरी पूर्ण कराव्यात. वुल्फ यांच्यानंतर हंगामी अध्यक्ष झालेले मायकेल मिडलटन हे त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. विद्यार्थिदशेत ज्या मागण्यांसाठी ते उभे राहिले, त्याच मागण्या ४६ वर्षांनी त्यांच्या टेबलावर आल्या. मधल्या काळात कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले. त्या प्रत्येकाला, १९६९ च्या यादीतले किती झाले, हे दरवर्षी विचारण्याची सक्ती कोणावर नव्हती.

आश्वासन मिळाले तरी हिशेब विचारणारा नसेल तर हीच गत होते. मिशिगन विद्यापीठात १९७० च्या वसंतात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी संप केला, वर्ग ओस पडले आणि विद्यापीठाने १९७३-७४ पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट मान्य केले. मुदत आली आणि उलटून गेली. उद्दिष्ट गाठले गेले नाही. पुढच्या पिढ्यांतील विद्यार्थ्यांना त्याच आवारात पुन्हा आंदोलने करावी लागली. आकडा होता, तारीखही होती. पण तो आकडा चुकला तर कोणाच्या कामाच्या मूल्यमापनात त्याची नोंद होणार, हे ठरलेले नव्हते. ज्या वचनाचा हिशेब विचारणारा कोणी नाही, ते नव्या अध्यक्षाच्या दृष्टीने जुन्या अध्यक्षाचे कागद असतात.

म्हणून दृष्टी अध्यक्षावरून वर, नियामक मंडळाकडे न्यावी लागते. मिसुरीत नऊ सदस्यांचे क्युरेटर्स मंडळ गव्हर्नर नेमतात आणि राज्याची सिनेट त्याला संमती देते. अध्यक्षाची निवड, पगार, मुदतवाढ आणि हकालपट्टी या मंडळाच्या हातात असते. उत्तरदायित्वाचा खरा अर्थ असा, की या मंडळाने अध्यक्षाच्या वार्षिक मूल्यमापनात चार गोष्टी न चुकता मागाव्यात आणि जनतेसमोर ठेवाव्यात : वंशनिहाय किती विद्यार्थी प्रवेश घेतात आणि किती पदवी पूर्ण करतात, कोणते प्राध्यापक नेमले गेले, टिकले आणि सोडून गेले, भेदभावाच्या तक्रारींवर किती दिवसांत निर्णय झाला, आणि आधी दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले. वुल्फ यांच्या काळात मिसुरीच्या मुख्य आवारातील प्राध्यापकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, तर राज्याच्या लोकसंख्येत ते १२ टक्क्यांच्या आसपास. ही तफावत एका रात्रीत झाली नव्हती. ती दरवर्षी मंडळासमोर आली असती, तर २०१५ च्या शरदात कोणाला धक्का बसण्याचे कारण उरले नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात कोणी मद्यधुंद अवस्थेत शिवी दिली तर त्याला अध्यक्ष काय करणार? शिवाय सार्वजनिक विद्यापीठ हे शासनाचे अंग असल्याने भाषणस्वातंत्र्य जपणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्याला लागू होते. केवळ घृणास्पद बोलण्यासाठी शिक्षा करणे त्याला सहजी शक्य नसते. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच नेमकी व्याख्या हवी. अध्यक्षाला प्रत्येक शिवीसाठी जबाबदार धरू नये. जे त्याच्या अखत्यारीत आहे त्यासाठीच धरावे : तक्रार कोण ऐकते, पीडिताशी संस्था काय बोलते, नेमणुका कशा होतात. मिरवणुकीत गाडी अडली, तेव्हा वुल्फ यांना कोणाचे भाषणस्वातंत्र्य हिरावून घ्यावे लागणार नव्हते. फक्त चार शब्द बोलावे लागणार होते.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा आहे आणि जून २०२३ नंतर त्याला कायद्याचे बळही मिळाले आहे. हार्वर्ड आणि सार्वजनिक असलेल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. मग हा हिशेब ठेवायचा कशाला, असे विचारले जाते. पण प्रवेश ही सुरुवात आहे. विद्यार्थी टिकतो की नाही, हे त्यानंतर ठरते. अटलांटातील जॉर्जिया स्टेट या सार्वजनिक विद्यापीठाने वंशाचा निकष न लावता हे दाखवून दिले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीतील शेकडो धोक्याच्या खुणांवर संगणकाद्वारे लक्ष ठेवणे, खूण दिसताच समुपदेशकाने त्याला गाठणे, आणि थोड्याशा शुल्कासाठी नाव कमी होणार असेल तर छोटे अनुदान देणे, हे उपाय तिथे सर्वांसाठी होते. २००३ मध्ये ३२ टक्के असलेले पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण पुढच्या दशकात ५० टक्क्यांच्या वर गेले आणि कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांमधील तफावत मिटली. परीक्षा सोप्या करून हे झाले नाही. कोण गळतो आणि का गळतो, हा प्रश्न नेतृत्वाने आपला मानला म्हणून झाले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : आकड्यांवर पगार अवलंबून ठेवला की आकडे सजवले जातात. कच्च्या विद्यार्थ्याला प्रवेशच नाकारला तर उत्तीर्णांचे प्रमाण आपोआप वाढते. तक्रार नोंदवूनच घेतली नाही तर तक्रारी कमी दिसतात. त्यामुळे एकाच आकड्यावर विसंबू नये. प्रवेश आणि पदवी हे दोन्ही एकत्र पाहावेत, तक्रारींची संख्या वाढणे म्हणजे अपयश असे मानू नये आणि तपासणी अध्यक्षाच्या हाताखालच्या माणसांकडे देऊ नये. हिशेबात लबाडी होऊ शकते म्हणून कोणी हिशेबतपासणी बंद करत नाही, ती अधिक कडक करतात.

२०१५ नंतर मिसुरीने समावेशनासाठी वेगळा विभाग उभारला. जुलै २०२४ मध्ये, राजकीय वारे फिरल्यावर, तो विसर्जित करण्याचे जाहीर झाले आणि त्यातली कामे इतर विभागांत वाटली गेली. वेगळ्या खोलीत ठेवलेली जबाबदारी त्या खोलीला कुलूप लागताच संपते. ती अध्यक्षाच्या नेमणूकपत्रात, मंडळाच्या वार्षिक विषयपत्रिकेत आणि जाहीर अहवालात असेल, तर विभाग राहो वा जावो, प्रश्न विचारावाच लागतो. महाराष्ट्रातून अमेरिकेच्या सार्वजनिक विद्यापीठांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही क्रमवारी व शुल्कासोबत ही माहिती मागावी. ती मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. गेन्सच्या बाजूने न्यायालयाने निकाल दिला, २०१५ च्या विद्यार्थ्यांना उपोषण आणि खेळाडूंचा बहिष्कार यांनी राजीनामा मिळवून दिला. पुढच्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीही करावे न लागता उत्तर मिळाले पाहिजे आणि ते देणे हे सर्वोच्च पदावरच्या व्यक्तीचे रोजचे काम ठरले पाहिजे.