जाधव म्हणजे यादव? वंशावळीतला 280 वर्षांचा गॅप

एपिसोडमध्ये सनावळ्या फार पटापट गेल्या अशी तक्रार आली, म्हणून इथे जरा सावकाश लिहितोय.

माझं आडनाव जाधव, गाव सिंदखेडराजाजवळ. आजी म्हणायची, "आपन देवगिरीच्या राजाचे लोक हावो, बापू." ऑफिसात एकाने विचारलं, "प्रूफ काय?" आणि मी गप्प. मग बग शोधतात तसं एकेक एन्ट्री मागे मागे बघत गेलो.

पहिली एन्ट्री पक्की आहे. लखुजी जाधवराव, सिंदखेडचे देशमुख, निजामशाहीतले बडे सरदार. त्यांची मुलगी जिजाऊ, जन्म 1598. आसपासच्या देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा या गावांच्या नावात 'राजा' आजही आहे. हे घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचं म्हणवायचं.

दुसरं टोकही पक्कं. भिल्लम पाचव्याने बाराव्या शतकात देवगिरीला राजधानी केली. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी आला आणि 1318 मध्ये हरपालदेवाला मारल्यावर राज्य संपलं.

आता 1318 ते 1598 मोजा: 280 वर्षं. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर अकरा पिढ्या. या मधल्या पिढ्यांची नावं मिळतात ती नंतर लिहिलेल्या वंशावळींत. त्या काळातला ताम्रपट, शिलालेख असं काही मला सापडलं नाही. म्हणजे दावा खोटा असं नाही हं. दोन टोकं आहेत, मधली लिंक तुटलेली आहे, एवढंच.

"पण यादवचंच जाधव झालं ना?" झालं असेल की. यात्राची जत्रा होते, योगीचा जोगी होतो, तसा य चा ज. पण त्यातून शब्दाचं नातं कळतं, रक्ताचं नाही. जाधव आडनाव कितीतरी जातींत आहे. सगळेच देवगिरीहून आले म्हटलं तर किल्ला पुरायचा नाही!

खरी गंमत अजून मागे आहे. यादव स्वतः कुठून आले? तर म्हणे थेट श्रीकृष्णाच्या यदुवंशातून, द्वारकेहून. हे सविस्तर लिहिलं हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंतांनी. 'व्रतखंडा'तल्या प्रशस्तीत त्याने सुबाहू, त्याचा मुलगा दृढप्रहार अशी यादी दिलीय. पण हेमाद्री महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री! पगार देणाऱ्याचा वंश तो कमी कशाला दाखवेल? भिल्लम दुसऱ्याचा संगमनेरचा ताम्रपट शके 922 चा, म्हणजे इसवी सन 1000 चा. पुराणातली नावं सोडून अशा दानपत्रांवर आलो की पाय जमिनीला लागतात.

हे फक्त आपल्याकडेच नाही. आयर्लंडमधले ओ'नील स्वतःला नीअल नावाच्या प्राचीन राजाचे वंशज म्हणवतात, आणि तिथल्या मध्ययुगीन पंडितांनी ती साखळी बायबलमधल्या नोहापर्यंत नेऊन जोडली. 2006 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमधल्या अनेक पुरुषांत एकच वाय-क्रोमोसोम प्रकार सापडला. सगळे खूश! पुढे कळलं की तो प्रकार नीअलपेक्षाही जुना असावा. तिकडे डीएनए करूनही राजा हाती लागला नाही.

एका गोष्टीवर मात्र मी रेकॉर्डिंग करताना थांबलो होतो, तुमच्या लक्षात आलं असेल. 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजींना दगा करून मारलं, सोबत दोन मुलगे आणि एक नातू. कुठे? दौलताबादला. म्हणजे देवगिरीवरच! ज्यांचा वंश सांगायचे त्यांच्याच किल्ल्यावर. त्यांची समाधी सिंदखेडराजात आहे. तिकडे गेलात तर राजवाडा बघून लगेच गाडीत बसू नका, समाधीवरही जा.

आमच्या घरची यादी सध्या पणजोबांच्या वडिलांवर अडलीय. पुढच्या महिन्यात नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघायला चाललोय. तुम्हीही जाणार असाल तर मूळ गाव आणि पणजोबांचं नाव घरी विचारून घ्या, त्याशिवाय वहीतलं पान मिळणं कठीण.