खाण-सरोवर

उघड्या खाणीतून खनिज काढून घेतल्यावर उरलेल्या खोल खड्ड्यात पाणी साठून तयार झालेले कृत्रिम सरोवर. खाणकाम चालू असताना आत झिरपणारे भूजल पंपांनी सतत उपसावे लागते. हा उपसा थांबला की भोवतालच्या भूजलाची खालावलेली पातळी हळूहळू वर येते व खड्डा आपोआप भरू लागतो. मोठ्या खड्ड्यांच्या बाबतीत यास कित्येक दशके लागतात आणि साठलेले पाणी उपयोगी असेलच असे नाही. म्हणून अनेक ठिकाणी नदीचे पाणी सोडून खड्डा योजनापूर्वक भरतात.

अम्लता : कोळसा, लिग्नाइट व तांबे यांच्या निक्षेपांत पायराइट (लोहाचे सल्फाइड) पुष्कळदा आढळते. ते उघडे पडल्यावर हवा, पाणी व सूक्ष्मजंतू यांच्या क्रियेने त्यापासून सल्फ्यूरिक अम्ल आणि लोहाची लवणे तयार होतात. अम्लामुळे खडकांतील ॲल्युमिनियम, जस्त, तांबे इ. धातूही विरघळतात. अमेरिकेतील माँटॅना राज्यात ब्यूट येथील बर्कली ही तांब्याची खाण १९५५ ते १९८२ या काळात चालू होती. १९८२ मध्ये उपसा बंद झाल्यावर साठलेल्या पाण्याचे पीएच मूल्य अनेक वर्षे २·५ च्या जवळपास होते (उदासीन पाण्याचे ते ७ असते). १९९५ मध्ये या पाण्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मृत्यू पावले. २०१६ मध्येही तेथे हजारो पक्षी मेले. बेसाल्टाच्या दगडखाणींत पायराइट सामान्यतः अत्यल्प असल्याने हा धोका कमी असतो.

जलभरण : नदीच्या पाण्यातील बायकार्बोनेटांमुळे अम्लाचे काही अंशी उदासिनीकरण होते. भरण जलद झाल्यास सरोवराची पातळी भोवतालच्या भूजलापेक्षा उंच राहते. त्यामुळे अम्लयुक्त भूजल आत येण्याऐवजी सरोवराचे पाणी बाहेर झिरपते व उतारांनाही आधार मिळतो. जर्मनीतील गाइझेलटाल येथील लिग्नाइटाची खाण २००३ ते २०११ या काळात मुख्यतः झाले नदीच्या पाण्याने भरण्यात आली. या सरोवराचे क्षेत्रफळ सु. १८ चौ. किमी., कमाल खोली सु. ७८ मी. व जलसाठा सु. ४२ कोटी घ. मी. आहे. नदीचा किमान प्रवाह मात्र राखावाच लागतो. कॉटबुस येथे स्प्रे नदीचे पाणी सोडण्यास एप्रिल २०१९ मध्ये सुरुवात झाली. परंतु अवर्षणामुळे ते काही आठवड्यांतच थांबवावे लागले.

भरण चालू असताना उतारांवरही लक्ष ठेवावे लागते. १८ जुलै २००९ रोजी नाख्टरश्टेट येथे भरत असलेल्या सरोवराचा काठ घरांसह खचून तीन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. खोल स्तरांत दाबाखाली असलेले भूजल हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे तज्ञांच्या तपासणीत आढळले.

जलपरीक्षण : केवळ पृष्ठभागावरील नमुना फसवा ठरतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. तळाचा ऑक्सिजन संपल्यावर गाळातील लोह व फॉस्फरस पाण्यात उतरतात. काही खोल सरोवरांत तळाचे क्षारयुक्त जड पाणी वर्षानुवर्षे वरच्या पाण्यात मिसळतच नाही. यासाठी सर्वांत खोल जागी नावेतून उपकरण सोडून ठराविक अंतरावर तापमान, पीएच मूल्य, विद्युत् संवाहकता व विरघळलेला ऑक्सिजन मोजतात. निरनिराळ्या खोलींवरील नमुन्यांत लोह, ॲल्युमिनियम, सल्फेट, फॉस्फरस व एकूण अम्लता तपासतात. काठाभोवतालच्या निरीक्षण-विहिरींतील भूजलाची पातळी व रासायनिक घटक यांचीही नोंद ठेवतात, कारण पुढे सरोवरात येऊ शकणारे पाणी तेथे आधी दिसते.

अम्लता वाढल्यास नावेतून चुन्याचे मिश्रण पसरतात. त्याने पीएच मूल्य सुधारते व लोह अवक्षेपित होते. सल्फेट मात्र बहुतांशी तसेच राहते आणि सरोवरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर नदीत जाते. काठावरील खडकांतून अम्ल येतच राहिल्यास चुना पुनःपुन्हा टाकावा लागतो. त्यामुळे खड्डा काठोकाठ भरला तरी परीक्षणाचे काम पुढे अनेक वर्षे चालू ठेवावे लागते आणि खाण बंद करतानाच त्याच्या खर्चाची तरतूद करणे आवश्यक ठरते.