पाणी कुठे मुरते आहे?

काही वर्षांपूर्वी आईच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही दोघे ऐन हिवाळ्यात सहा आठवडे पुण्याला गेलो होतो. ३३व्या दिवशी पहाटे साडेतीनला शेजारीणबाईंचा फोन आला. आमचे घर सेमी-डिटॅच्ड. मधल्या सामाईक भिंतीला त्यांच्या बाजूने ओल आली होती. त्यांच्याकडे आमची किल्ली होती. दार उघडून पाहतात तो दिवाणखान्याचे छत खाली आलेले आणि वरच्या बाथरूममधून पाण्याची धार चालू! बेसिनच्या नळाला जोडलेली लवचिक नळी फुटली होती. बाईंनी विचारले, "स्टॉपकॉक कुठे आहे?" त्या घरात अकरा वर्षे राहून मला चटकन सांगता येईना. मी अभियांत्रिकीतला डॉक्टर, हे त्या क्षणी कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

परत आल्यावर विमा कंपनीचा पहिला प्रश्न होता, गळती नेमकी सुरू कधी झाली? आमच्या पॉलिसीप्रमाणे घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामे राहिले, तर त्यापुढे झालेल्या पाण्याच्या नुकसानीची भरपाई मिळत नव्हती. उत्तर स्मार्ट मीटरने दिले. त्याच्या तासावार नोंदीत २७ दिवस शून्य होते. २८व्या दिवशी पहाटे तीनपासून दर तासाला सुमारे ४०० लिटर, न थांबता पाच दिवस. म्हणजे जवळजवळ ४८ टन पाणी. दोन दिवसांच्या फरकाने भरपाई मिळाली. दारामागच्या ओल्या टपालात पाणी कंपनीचे पत्रही सापडले. 'आपल्याकडे गळती असण्याची शक्यता आहे', असे त्यात लिहिले होते!

मीटरला पहिल्याच दिवशी सारे कळले होते, पण त्याच्या हातात नळ नव्हता. गळती कळणे आणि पाणी बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारातली उपकरणे पारखताना हा फरक ध्यानात ठेवला तर निम्मा गोंधळ कमी होतो.

पुण्याचे पाणी आणि इथले पाणी

आपल्याकडे गच्चीवर टाकी असते. नळी फुटली तर टाकी रिकामी होईपर्यंतच नुकसान होते, आणि पंप चालू करायला माणूस लागतो. इथे कॉम्बी बॉयलरच्या घरात टाकीच नसते. रस्त्याखालचे पाणी चोवीस तास दाबाखाली असते आणि ते संपत नाही. जुन्या घरांत लॉफ्टमध्ये टाकी असते, पण तिचा तरंगता गोळा ती पुन्हापुन्हा भरत राहतो.

त्यात थंडी. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांमध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो. मात्र बर्फ वितळेपर्यंत ते दिसत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये मोठ्या थंडीनंतर एकदम ऊब आली आणि इंग्लंड-वेल्समध्ये इतके पाइप फुटले, की दोन लाखांहून अधिक ग्राहकांचे पाणी चार तासांपेक्षा जास्त वेळ गेले. आणि आपण भारतात जातो ते बहुधा याच दिवसांत.

उपकरणे कशी चालतात

सर्वांत साधा प्रकार जमिनीवर ठेवायच्या सेन्सरचा. त्याच्या दोन धातूच्या टोकांमध्ये पाणी आले की वीज वाहते आणि भोंगा वाजतो. स्वस्त आणि भरवशाचा; पण तो जिथे ठेवाल तिथलेच त्याला कळते, आणि रिकाम्या घरात भोंगा ऐकणार कोण?

दुसरा प्रकार पाइपवर चिमटा लावून तापमान पाहणारा. जमिनीखालून येणारे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड असते. सगळे नळ बंद असतील तर पाइप हळूहळू खोलीइतका कोमट व्हायला हवा. तो कधीच होत नसेल तर कुठेतरी पाणी मुरते आहे. 'लीकबॉट' याच तत्त्वावर चालतो. बारीक गळती शोधायला तो उत्तम, पण पाणी बंद करत नाही.

तिसरा प्रकार मुख्य पाइपवर बसतो. त्यात प्रवाह मोजणारे यंत्र आणि मोटरवर फिरणारा व्हॉल्व असतो. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त किंवा जास्त वेळ पाणी वाहिले की व्हॉल्व बंद. काही उपकरणे रात्री स्वतःहून काही मिनिटे व्हॉल्व बंद करून दाब उतरतो का हेही पाहतात. थेंबे थेंबे तळे साचे, ते तळे अशा वेळी पकडले जाते.

मर्यादा कोणी ठरवायची?

इथे माझ्या धंद्यातला जुना पेच येतो. यंत्राला फक्त प्रवाह दिसतो, हेतू दिसत नाही. फुटलेली नळी आणि तीन पाहुण्यांच्या लागोपाठ अंघोळी त्याला सारख्याच. मर्यादा कडक ठेवली तर सासूबाईंच्या डोळ्यांत साबण असताना पाणी जाते. असे दोनदा झाले की घरातलेच कोणीतरी यंत्र बंद करून टाकते. सैल ठेवली तर छत जाते. म्हणून 'घरी आहोत' आणि 'बाहेर आहोत' अशा दोन वेगळ्या मर्यादा हव्यात. बाहेर असताना २० लिटरची मर्यादा असती, तर आमच्या घरातली गळती तीन मिनिटांत थांबली असती.

विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. इंटरनेट नसताना उपकरण स्वतः निर्णय घेते का? वीज किंवा बॅटरी गेल्यास व्हॉल्व उघडा राहतो की बंद? तो हाताने फिरवता येतो का? घरात आग विझवणारे स्प्रिंकलर असतील तर त्यांचे पाणी या व्हॉल्वमधून जाता कामा नये. आणि मुख्य व्हॉल्व बंद झाला तरी लॉफ्टच्या टाकीत आणि हीटिंगच्या पाइपांत असलेले पाणी गळू शकते, हे विसरू नका.

यंत्राआधीचे यंत्र

आम्ही अखेर व्हॉल्ववाले उपकरण बसवले. पण खरे सांगायचे तर बिनखर्चाचा उपाय सर्वांत मोठा. आज संध्याकाळीच स्टॉपकॉक शोधा. बहुधा तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो. घड्याळाच्या दिशेने फिरवून तो बंद होतो का पाहा. पुन्हा उघडताना पूर्ण उघडून थोडा मागे आणा, म्हणजे जाम होत नाही. घरातल्या सर्वांना आणि किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना तो दाखवा. लांबच्या प्रवासाला निघताना बंद करा. त्याआधी पॉलिसीतले रिकाम्या घराचे कलम वाचा: दिवस किती आणि हीटिंगची अट काय.

आता विमानतळावर जाताना पासपोर्ट मी तपासतो आणि स्टॉपकॉक सौ. फिरवते. शेजारीणबाईंना येताना चितळ्यांची बाकरवडी आणतो. ते अर्थात कोणत्याही पॉलिसीत बसत नाही.